घोणीचं बाळंतपण

१९ जून, गुरुवार

माधवीने आज ही वही माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "अण्णा, मला जे जे सांगायचंय ते आधी यात लिहीत जा. मी सवडीनं वाचते."

ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन चार दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी तिला फारसं काही सांगितलेलं नाही. डाव्या कुशीवर झोप, मोबाइल पोटावर ठेवू नको, उंबरठा ओलांडताना भिंत धर, पपई खाऊ नको, एवढंच. पपईबाबत विज्ञानाचं म्हणणं काय आहे ते मी पाहतो आहे, तोवर पपई नको. या सूचनांचा कागद मी फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे आणि पाणी घ्यायला ती दहा वेळा तिथे जाते. मग वही कशाला, हे मला कळलं नाही. तरीही वही चांगल्या कागदाची आहे, म्हणून लिहायला घेतली.

ताडकळसच्या शाळेत मी विज्ञान शिकवून निवृत्त झालो. गावात अजूनही 'सिताराम गुरुजींना विचारा' असं म्हणतात. घरात म्हणत नाहीत.

२४ जून, मंगळवार

आज घरात मोठा प्रसंग झाला.

सकाळी माझी बायको सरजा न्हाणी घासायला गेली. कोपऱ्यातली शहाबादी फरशी बरेच दिवस डुगडुगत होती. तिने ती उचलून पाहिली आणि तिथूनच मला हाक मारली. घाबरल्याची हाक नव्हती. शेजारीण आली आहे, चहा टाका, असं सांगावं तशी होती.

"अवं, इकडं या जरा. घोण हाय. लय मोठी."

मी पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि गेलो. लहान असते ती गोम, वीतभर झाली की आमच्याकडे तिला घोण म्हणतात. ही चांगली वीतभर होती. अंग काळपट, पाय पिवळे. पण पळत नव्हती. वेटोळं करून पडली होती आणि वेटोळ्याच्या आत ज्वारीच्या दाण्यांएवढी पिवळसर अंडी होती. सगळ्या पायांनी तिने ती पोटाशी धरली होती.

"बाजूला हो," मी म्हणालो.

"चप्पल खाली ठिवा. ती बाळंतीण हाय."

"घोण बाळंतीण नसते. अंडी घालते."

"घालू दे न्हाई तर काई करू दे. पोटुशी लेक घरात असताना लेकुरवाळ्या जीवाला मारायचं नसतंय."

मी तिला समजावून सांगितलं की ही अंधश्रद्धा आहे आणि आपल्या बापजाद्यांनी धम्म घेतला तो असल्या गोष्टी सोडण्यासाठीच. सरजाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, ऱ्हायलं. मग दर पुनवेला विहारात हात जोडून पयलं शील कोणतं म्हणता?"

पहिलं शील जिवाची हत्या न करण्याचं आहे. ते मी विहारात सर्वांच्या पुढे उभं राहून म्हणतो, कारण माझे उच्चार स्वच्छ आहेत. मी चप्पल पायात घातली.

माधवी दारात येऊन उभी होती. "राहू द्या हो अण्णा. ती पण माहेरी आली असंल."

शेवटी ठरलं की फरशी हलक्या हाताने परत ठेवायची आणि तिचं सगळं आटोपेपर्यंत न्हाणी बंद. आम्हा सगळ्यांच्या अंघोळी स्वयंपाकघराच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला. घोणीला पक्की न्हाणी आणि घरमालकाला पत्रे. पहिलं शील इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

२६ जून, गुरुवार

माझी जुनी विद्यार्थिनी सुकेशनी परभणीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोन केला.

"जयभीम सर. पाय मोजलेत का तिचे?"

मी म्हणालो, मोजायचे कशाला, शतपाद म्हणजे शंभर. मीच तर शिकवलं होतं.

"शंभर कधीच नसतात, सर. पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात. तुमची बहुतेक एकवीस जोड्यांची असंल."

शंभर पायांना पन्नास जोड्या लागतील आणि पन्नास सम आहे. साधी गोष्ट. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने हा प्रश्न मला विचारू नये याचं वाईट वाटलं. मुलांचं लक्षच नव्हतं.

तिने बरंच सांगितलं. घोण दाताने चावत नाही. मानेखालच्या पायांच्या जोडीचेच विषारी आकडे झालेले असतात, ते ती रुतवते. अंड्यांवर बसली की ती काहीही खात नाही. दिवसभर एकेक अंडं चाटत राहते, बुरशी धरू नये म्हणून. पिल्लं निघाली तरी ती पोटाशी घेऊन बसते, ती हिंडूफिरू लागेपर्यंत.

"फक्त एक सांभाळा, सर. तिला सारखं उघडून बघू नका. कुणी सतवायलंय असं वाटलं तर ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकती आणि निघून जाती."

"स्वतःची?"

"हां. तिथं काही खरं नाही असं वाटलं तर ती काय करणार? अंगात ताकद ऱ्हायली तर पुन्हा घालता येतात."

मी म्हणालो, मला काय करायचं ते नीट सांग. ती म्हणाली, "काहीच करायचं न्हाई, सर. तेवढं जमलं तर बघा."

मला जमेल. दुपारी न्हाणीच्या दारावर पाटी लावली: 'शांतता राखा. आत कोणी जाऊ नये.' फरशीभोवती खडूने रेघ मारली. रेघ सरळ आली आहे का ते पाहायला पुन्हा आत गेलो आणि आत गेलोच होतो म्हणून फरशी थोडी उचलून पाहिलं. सगळं ठीक होतं.

२९ जून, रविवार

जावईबापू आले होते. सिद्धोधन वालूरचा, सेलूला नोकरीला. मोटारसायकलवर दोन डझन केळी आणि एवढाली डाळिंबं बांधून आला. माणूस सोन्यासारखा आहे, पण झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतो.

त्याला घोणीबद्दल सांगायचं आम्ही सगळेच विसरलो. पाय चिखलाने भरलेले, म्हणून तो सरळ न्हाणीकडे गेला. पाटी वाचून त्याला वाटलं, पलीकडच्या खोलीत माधवी निजली आहे. म्हणून बिचारा चपला काढून, चवड्यांवर चालत आत गेला. त्याच वेळी फरशीच्या फटीतून घोणीच्या दोन मिशा बाहेर येऊन हलत होत्या.

तो ओरडला नाही. बाहेर येऊन खाटेवर बसला, पाय वर घेतले आणि संध्याकाळपर्यंत खाली सोडले नाहीत. जेवणही तिथेच. मुक्कामाला राहणार होता, पण चहा झाल्यावर सेलूला काम निघाल्याचं आठवलं. रविवारी कसलं काम, हे मी विचारलं नाही. माधवी रस्ता वळेपर्यंत फाटकात उभी होती. मी तिला सांगितलं, उभं राहणं बरं नाही.

शेजारचे दिनकररावही डोकावले. घोण संधी साधून कानातच शिरते असं त्यांचं ठाम मत आहे, म्हणून ते हल्ली दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून आमच्याकडे येतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते जे काही बोलतात ते बसस्टँडपर्यंत जातं. आमच्या न्हाणीत बाळंतीण आहे हे आता सगळ्या गावाला कळलं.

२ जुलै, बुधवार

सुकेशनी काहीही म्हणो, लेकुरवाळ्या जिवाने उपाशी राहावं हे मनाला पटत नाही.

दिनकररावांच्या शेतात या दिवसांत वाणी फार झाले आहेत. सोयाबीनचे कोंब कुरतडतात, म्हणून ते रोज त्यांच्या नावाने शंख करतात. हात लावला की हा किडा पैशासारखा गोल होतो, म्हणून काही लोक त्याला पैसाच म्हणतात. दिसायला गोमेचा चुलतभाऊ, पण स्वभाव गरीब. गोमेला अंगाच्या एका खणाला पायांची एक जोडी असते, याला दोन. तरी चाल अशी की बाजाराला निघाला तर बाजार उठल्यावर पोचेल.

मी सकाळी जाऊन पेलाभर वाणी वेचून आणले आणि फरशीच्या कडेला सोडले. घोणीने एकाला मिशी लावली आणि मिशी मागे घेतली. बाकीचे जिकडे वाट दिसेल तिकडे गेले.

पेला रिकामा केला तेव्हा लक्षात आलं की बोटं तपकिरी झाली आहेत आणि हाताला दवाखान्यातल्या टिंक्चरसारखा वास येतो आहे. साबण, राख, लिंबू, काही उपयोग नाही. जेवायला बसलो तर सरजाने ताट मागे ओढलं.

"चमच्यानं खावा. आन् माज्या भांड्याला हात लावू नगा."

सुकेशनीला फोन केला. तिने विचारलं, "सर, मी काय सांगितलं होतं?" मग सांगितलं की वाण्याला चावता येत नाही, पळता येत नाही, म्हणून तो अंगातून जहाल पाणी सोडतो. त्याला सहसा कुणी खात नाही. डाग आपोआप जाईल, आठ-पंधरा दिवसांनी.

दुपारी माधवीला उशीखाली काळं बटण सापडलं. कोणत्या ब्लाऊजचं म्हणून तिने ते तळहातावर घेतलं, तर बटण उलगडून चालू लागलं. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. वहीत लिहिण्यासारखं ती काही बोलली नाही.

५ जुलै, शनिवार

माधवीला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. चालू दे, पण वाटेत चक्कर आली तर बसणार कुठे? म्हणून मी दोन दिवसांपासून तिच्या मागे प्लास्टिकची खुर्ची घेऊन चालतो. अंतर ठेवून चालतो, तिला जाणवूही नये म्हणून. आज मारुतीच्या पारावरची माणसं म्हणाली, "गुरुजी, कुठं सभा हाय का?" माधवी भराभर चालायला लागली. मलाही मग भराभर चालावं लागलं. डॉक्टरांनी भराभर चालायला सांगितलेलं नाही.

रात्री मी एकदा-दोनदा तिच्या खोलीत बॅटरी टाकून पाहतो, डाव्या कुशीवर आहे ना म्हणून. उजवीवर असली तर हलकेच उठवून सांगतो. मग जागा झालोच आहे म्हणून न्हाणीत जाऊन फरशीही उचलतो. दोन्हीकडे ठीक असलं की मला झोप लागते.

लिहायचं नव्हतं, पण वही माझीच आहे. माधवीच्या आधी आमचं एक बाळ जन्मतःच गेलं. मुलगा होता. तेव्हाही पावसाळाच होता. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. सरजा ते विसरून गेली असणार. बायका मनाच्या खंबीर असतात, पुढचं काम हातात घेतलं की मागचं सोडून देतात. मला अजून जमलेलं नाही. माधवी आत कण्हली तरी मी बॅटरी शोधतो.

सरजा हल्ली दुपारी बसल्या जागी पेंगते. आज भाजी निवडताना हातात गवारीची शेंग तशीच राहिली आणि तिचा डोळा लागला. वय झालं. माधवीचं झालं की तिचं रक्त तपासून घ्यायला हवं.

१० जुलै, गुरुवार

आज आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला. मी वर्षावासाचं महत्त्व सांगितलं: पावसाळ्यात वाटेवर कोंब आणि किडेमुंग्या फार, ते पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खू तीन महिने एका जागी राहत. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. बाहेर पडताना सरजा म्हणाली, "एवढाले भिक्खू तीन म्हैने एका जागी बसत व्हते. तुमाला आर्धा घंटा बसवंना."

तिचा रोख कळला नाही.

विहारातून परतताना सात-आठ बायका घोण बघायला म्हणून घरी आल्या. दिनकररावांमुळे ती आता प्रसिद्ध झाली आहे. मला नाही म्हणवेना. फरशी बाजूला करून मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं, विषम जोड्या, विषारी आकडे, अंडी चाटणं. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून पुढच्यांना बसवलं आणि दोनदा दाखवलं. एकीने मोबाइलचा उजेड धरला. फार दिवसांनी वर्ग घेतल्यासारखं वाटलं.

मग त्याच बायका माधवीकडे गेल्या. पोट वर आहे, खाली आहे, मुलगा आहे, मुलगी आहे, पाय सुजलेत, रंग उतरलाय. मीही फ्रिजवरचा कागद आणून वाचून दाखवला. माधवी मध्येच उठून मागच्या आडोशाला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

१२ जुलै, शनिवार

वाईट दिवस.

सकाळी फरशी उचलली तर अंडी निम्मीच होती. कवचं नाहीत, काही नाही. वेटोळं सैल झालं होतं. सुकेशनीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती वेळा उघडली, सर?" मी म्हणालो, गरजेपुरती. तिने पुन्हा तेच विचारलं. मी फोन ठेवला. घोणीने पोटचं खाल्लं ते माझ्यामुळे, हे मला कळत होतं. दिवसभर जेवण गेलं नाही.

आणि संध्याकाळी माधवीने सांगितलं की ती बाळंतपणाला वालूरला, सासरी जाणार. विहीणबाईंशी बोलणं झालं आहे. पुढच्या शनिवारी सिद्धोधन गाडी घेऊन येईल.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आजवर कुणाच्या लेकीने भरल्या पोटी माहेर सोडलेलं मी ऐकलं नाही. गाव काय म्हणेल? आणि गाव गेलं उडत, माझी लेक माझ्यासमोर नसेल तर मी कसा राहू? मी विचारलं, "इथं काय कमी हाय तुला?"

ती म्हणाली, "कमी काहीच न्हाई, अण्णा. मला इथं झोप लागंना." आणि तिला रडू आलं.

एकाच दिवशी दोन घाव. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण माणूस खचतो.

१३ जुलै, रविवार

आज सरजाने बॅटरी मागून घेतली. खुर्ची माळ्यावर टाकली. फ्रिजवरचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"आठ दिवस काईच बघायचं न्हाई. ना घोण, ना पोर. मंग ती काय ठरवायचं ते ठरवंल."

"आणि काही झालं तर?"

"मी हाय की."

"तुझी झोप गाढ. तुला काय कळणार?"

ती पदर खोचून कामाला लागली.

१४ जुलै, सोमवार

काही पाहिलं नाही.

१५ जुलै, मंगळवार

काही पाहिलं नाही. दिनकररावांच्या ओसरीवर बसून होतो. ते आता घरीसुद्धा कापूस घालतात, त्यामुळे बोलणं खुंटलं. समोरच्या भिंतीवर एक पाल होती. ती किती वेळ एका जागी राहते ते पाहिलं. पालीबद्दल सरजा काही बोललेली नाही.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी माधवीच्या खोलीचं दार उघडं होतं. मी मान दुसरीकडे करून गेलो, तर चौकटीवर कपाळ आपटलं. आतून हसण्याचा आवाज आला. ती हसली ते बरं वाटलं. कपाळाला बर्फ लावायला तीच आली. "अण्णा, इतकं पण नका हो," म्हणाली. मी डोळे मिटून घेतले होते.

१९ जुलै, शनिवार

आज वालूरला निघायचं होतं. तिची पिशवी आठवडाभर दाराशी भरून ठेवलेली. मी सकाळपासून परसात तण उपटत होतो. दोरीवर कपडे वाळत होते, त्यांत पिशवीतले दोन गाऊन होते. मी पाहिलं नाही, दिसले.

सिद्धोधन आला, खाटेवर पाय वर घेऊन बसला, जेवला आणि एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, ती म्हणती अजून चार दिवस बघते." मी त्याच्या गाडीच्या डिकीत मावतील तेवढ्या भुईमुगाच्या शेंगा भरल्या.

आठ दिवस उद्या संपतात. मी मुदत वाढवून घेतली.

२३ जुलै, बुधवार

चहा देताना सरजा म्हणाली, "निघाली बरं का पिल्लं. पांढरीशिप्पट हायेत. समदी पोटाखाली दाटून बसलीत आन् ती हालंना की डुलंना."

मला इतका आनंद झाला की कप कलंडला. निम्मी का होईना, वाचली. मी विचारलं, "तू कसं पाहिलंस?"

"झाडताना दिसलं."

फरशीखाली झाडता कसं येतं हे विचारायचं राहून गेलं. ती तेवढ्यात भिंतीला टेकून पेंगायला लागली होती.

२८ जुलै, सोमवार

माधवी संध्याकाळी माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसली. मी काही विचारलं नाही. मग तिने आपणहून सांगितलं की रात्री बाळ फार लाथा मारतं, तिलाही भीती वाटते, आणि विहीणबाईंना तिने 'आता बाळ घेऊनच येते' असं कळवलं आहे. शेवटी म्हणाली, "अण्णा, उद्या चालायला येता का? खुर्ची नका आणू. नुसते या."

मी 'बघू' म्हणालो. आत जाऊन दोनदा तोंड धुतलं.

३ ऑगस्ट, रविवार

परभणीच्या दवाखान्यातून लिहितो आहे. सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी आतल्या खोलीत हालचाल सुरू झाली. मी ठरवल्याप्रमाणे तिकडे पाहिलं नाही. वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. माधवी कण्हली. मी पान उलटलं. सरजा आत-बाहेर करत होती, मी तिच्याकडेही पाहिलं नाही. पुन्हा कण्हण्याचा आवाज आला तेव्हा मी सोयाबीनचे भाव मोठ्याने वाचायला लागलो. मी डोकं वर केलं नाही.

मग माधवी दाराला धरून उभी राहिली. "अण्णा," ती म्हणाली, "आता बघा की हो माझ्याकडं. लय दुखायलंय."

मी उठलो ते अनवाणीच दिनकररावांकडे पळालो. ते कापूस घालून बसले होते. मी त्यांच्या दोन्ही कानांतले बोळे ओढून काढले तेव्हा कुठे त्यांनी जीप काढली. माधवीने परभणीपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. वळ उठले आहेत.

तिला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर. सिद्धोधन सेलूहून निघाला होता. वेळ कसा जात होता देव जाणे, आणि मी देव मानत नाही. शेवटी मला राहवेना. मी सरजाला म्हणालो, "मला भीती वाटती." जन्मात तिच्याशी हे बोललो नव्हतो.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"तुझं बरंय. तू ते विसरलीस."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"इसरन कशी? नऊ म्हैने मी वागवलंय त्याला. तुमी न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी घोरायला लागले की मी रोज उठत व्हते. तिच्या दारापाशी उभी ऱ्हायची. सास ऐकायचा आन् माघारी यायचं. कदी दोनदा. कदी उजाडस्तवर तितंच बसायचं."

"रोज?"

"आली त्या दिसापासून."

"आणि मला बघू नको म्हणालीस."

"तुमी बॅटरी घिऊन जात व्हते. उठवत व्हते तिला. माजं तिला कळत बी नव्हतं."

माझ्या शेजारी झोपणारी बाई दीड महिना रोज रात्री उठून जाते आणि मला तिच्या रक्ताची तपासणी करायची होती.

"आणि घोण?" मी विचारलं.

"ती बी बघत व्हते. पर फरशी न्हाई उचलली. जमिनीवर आडवं पडून, फटीतून." हे सांगताना तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. पंचवीस-तीस वर्षांचं एकदम रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडलो. समोरच्या बाकावरचा माणूस उठून पाणी घेऊन आला.

मुलगी झाली. अंगाने चांगली आहे, आवाज दिनकररावांसारखा. माधवी ठीक आहे. सिद्धोधन पोचला तेव्हा सगळं झालं होतं, तो कॉरिडॉरमध्येच मटकन खाली बसला.

आम्हाला आत सोडलं तेव्हा माधवीला झोप लागली होती. बाळ तिच्या कुशीत. सरजा आणि मी दाराशीच थांबलो. जवळ जायचं होतं, पण दोघांपैकी कुणीच गेलं नाही. नर्स म्हणाली, "आजी-आजोबा, बघून झालं असंल तर बाहेर बसा." थोड्या वेळाने पुन्हा येऊन म्हणाली. आम्ही हळूच थोडं मागे सरकलो आणि तिथेच उभे राहिलो.